आधी ओळ द्या

७ ऑक्टोबर १९७४, सोमवार

आजपासून रेकॉर्डिंग सुरू. तेवीस वर्षं गातेय, पण आज स्टुडिओच्या पायऱ्यांवरून दोनदा परत गाडीशी गेले. हे फक्त इथे लिहितेय, बाहेर कुणाला सांगणार नाही.

या अल्बमवरची दहाच्या दहा गाणी माझी आहेत. माझी म्हणजे मी लिहिलेली. आजवर कंपनीने मला स्वतःचं एक गाणं गाऊ दिलं नव्हतं. "आर्डिथ, तू गा, लिहायला माणसं आहेत," हे ऐकत ऐकत मी सेहेचाळीस वर्षांची झाले. नॅशव्हिल म्हणजे कंट्री गाण्यांचंच शहर, इथे लिहायला माणसं पुष्कळ आहेत. सगळे पुरुष. त्यांच्या गाण्यातली बाई कायम नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असते, आणि ती वाट मी तेवीस वर्षं सुरात बघितली.

आता संधी मिळाली तीही अट घालून. एकटीने गायचं नाही, हॉलिस स्टॅम्परबरोबर जोडीने गायचं. सध्या बाईबाप्यांच्या जोड्यांच्या रेकॉर्डी खपतात, आणि आम्हा दोघांच्या वेगवेगळ्या खपेनाशा झाल्यात, हे त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. हा अल्बम पंचवीस तारखेपर्यंत पुरा झाला नाही तर तो कपाटात जाईल आणि माझी गाणीही. पुन्हा कुणी विचारणार नाही.

हॉलिस अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. केंटकीच्या डोंगरातले. मी शाळेत होते तेव्हा आमच्या घरच्या रेडिओवर त्यांचा आवाज यायचा, तेव्हा आदर हा आहेच. ऑगस्टमध्ये मी स्वयंपाकघरात बसून दहाही गाणी टेपवर गाऊन त्यांना पाठवली होती, सोबत शब्दांचे कागद. आज ते गिटार घेऊन आले आणि दहाही गाणी त्यांना तोंडपाठ. एक ओळ अडखळली नाही. आमचा निर्माता वेंडेल काचेपलीकडे खुर्चीतून उठून उभा राहिला.

एकच गोष्ट खटकली. मी नव्याने टाइप करून नेलेला कागद त्यांनी स्टँडवर ठेवला आणि वर कॉफीचा कप ठेवला. गिटारवाला क्लाइड कुठे कुठला सूर धरायचा त्याचे नुसते आकडे लिहून देतो, एक-चार-पाच-एक, त्या चिठ्ठीत मात्र डोकं घालून बसले होते. एका ठिकाणी "इथं चार नाही, दोन पाहिजे" म्हणून क्लाइडची चूकही काढली. आकड्यांना एवढा मान आणि माझ्या शब्दांवर कॉफी!

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन गाणी झाली. दुसऱ्याच्या मधल्या कडव्यात हॉलिस एकदम गप्प. वाद्यं चालू, बोटं तारांवर, आणि हे दोन ठोके नुसते उभे. मग पुढची ओळ, जसं काही झालंच नाही.

वेंडेलने विचारलं, "काय झालं?"

"तिथं थांबतात," हॉलिस म्हणाले.

"कोण थांबतं?"

"मिस आर्डिथ थांबतात."

सगळे हसले. मी हसले नाही. श्वास कुठे घ्यायचा हे मला अजून तरी कळतं, आणि त्या ओळीत मी मुळीच थांबत नाही. चार वेळा घेतलं, चारही वेळा ते थांबले. शेवटी मी हात लावून "चला" अशी खूण केली तेव्हा पुढे गेले. थट्टा करायची हौस असेल तर करावी, पण चारचारदा तीच काय?

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज भांडण झालं. सगळं लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला मीच चुकले असं वाटायला नको.

'जुनं फाटक' हे गाणं मी सगळ्यांत शेवटी लिहिलं. नवराबायको वेगळे झालेत, कैक वर्षांनी दोघं आपापल्या कामाने जुन्या घराशी येतात आणि फाटकाशी गाठ पडते. ध्रुवपदाची ओळ अशी: त्या फाटकापाशी येऊन आपण दोघं विसरलो. कशाला आलो, काय भांडलो, सगळं विसरलो. सबंध गाणं त्या शब्दासाठी आहे. माझा नवरा डेल मला सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली, मी त्याला कधीच विसरले, आणि हे एकदा गाऊन टाकायचं होतं.

पहिल्याच खेपेला मी 'विसरलो' गायले आणि हॉलिस गायले 'विसावलो'. दोन्ही शब्द एकमेकांच्या पायात आले.

मी थांबवलं. "हॉलिस, विसरलो!"

"काय विसरलो?"

"विसरलो हा शब्द आहे. तुम्ही विसावलो म्हणालात."

"तुम्हीच विसावलो म्हणता की."

"मी? गाणं मी लिहिलंय."

"लिहिलं असेल, मिस आर्डिथ. पण म्हणता तुम्ही विसावलो."

पुन्हा घेतलं. पुन्हा विसावलो. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला, तर 'विसरावलो' असं काहीतरी बाहेर आलं आणि बास गिटारवाला खाली मान घालून खोकायला लागला. माझं डोकं फिरलं. मी तो कागद स्टँडवरून उचलला, कपाचा गोल डाग होता त्यावर, आणि त्यांच्या हातात दिला. "वाचा," म्हटलं. "मोठ्याने वाचा. सगळ्यांना कळू दे मी काय लिहिलंय."

त्यांनी कागद जरा लांब धरला. बराच वेळ बघितलं. क्लाइडने तेवढ्यात कचाकचा तारा पिळायला सुरुवात केली, जणू आत्ताच त्याची गिटार बेसूर झाली होती. मग हॉलिसनी कागदाची चार घड्यांची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

"निवांत बघतो," म्हणाले.

तीन तास संपले, हातात काही नाही. तेवीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द निमूट गायले. माझा एक शब्द गायला सांगितला तर या माणसाला वाचायचेही कष्ट नकोत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी इमोजीनच्या खानावळीत हॉलिस समोर येऊन बसले. ते शेजारच्या मोटेलात उतरलेत. घर केंटकीत आहे, पण ओपल, त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून तिकडे फारसे जात नाहीत. इमोजीनने न विचारता त्यांच्यापुढे बीन्स आणि कॉर्नब्रेड आणून ठेवलं.

एक बाई वही घेऊन सही मागायला आली. "माझ्या मुलीसाठी, ग्लेंडाला असं लिहा ना." हॉलिसनी ग्लेंडाची सगळी चौकशी केली, कितवीत आहे, गाते का. मग झोकात नुसती सही ठोकली. ती बाई म्हणाली, "ग्लेंडाचं नाव?" तर म्हणाले, "तिचं नाव मी गाण्यात घेईन, वहीत काय घ्यायचं." बाई पाघळली. याला म्हणतात जनसंपर्क.

मी अजून घुश्शातच होते. त्यांनी आपण होऊन बोलणं काढलं. त्यांच्या डोंगरातल्या चर्चमध्ये पेटी नाही, गिटार नाही, पुस्तकं नाहीत. एक म्हातारा उभा राहून एक ओळ भरभर म्हणतो. मग सगळी माणसं तीच ओळ उचलून लांबवर ओढत गातात, आणि संपली की पुढच्या ओळीसाठी थांबतात. याला ते ओळ देणं म्हणतात.

"आणि म्हातारा ओळ विसरला तर?" मी विचारलं.

"तर उभं राहायचं. ओळ मिळाली नाही तोवर गाणं नाही. पुस्तकात छापलेलं असेना का, ते कुणाचंच नसतं. तोंडानं दिली की ओळ आपली."

आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये बाकाबाकावर गाण्यांची पुस्तकं असायची, मला त्यात कौतुक वाटण्यासारखं काही दिसलं नाही. मग ते जरा पुढे सरकून म्हणाले, "मी काय म्हणत होतो, मिस आर्डिथ, आपण तसंच करू. आधी तुम्ही ओळ द्या, मग मी घेतो. म्हणजे चुकायचं नाही."

"हॉलिस," मी म्हटलं, "मी इथे गायला आलेय. तुमची शिकवणी घ्यायला नाही."

त्यांनी मान हलवली आणि कॉर्नब्रेडचा तुकडा बीन्समध्ये बुडवला. मला वाटतं जरा जास्तच लागलं. पण त्यांनी कागदावर लिहिलेलं वाचायचं सोडून मीच आधी पोपटासारखं म्हणून दाखवायचं, ही कुठली मिजास?

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळच्या तीन तासांत दुसरी दोन गाणी झाली, 'जुनं फाटक' मात्र पुन्हा बारगळलं. दुपारी वेंडेलने मला एकटीला आत बोलावलं. वेंडेल चौतीस वर्षांचा आहे, वाईट बातमी सांगताना टाय सोडतो. टाय सोडलेलाच होता.

"कंपनीकडे एक तरुण गायक तयार आहे," तो म्हणाला. "गुरुवारी येऊ शकेल. कागदावर असेल तसं गाईल. पण गाणी तुमची आहेत, तेव्हा तुम्ही म्हणाल ते."

"हॉलिसना कोण सांगणार?"

"मी सांगतो. पण मी सांगितलं तर त्यांना वाटेल पोरानं हाकललं. तुमच्याकडून गेलं तर मान राहील."

मी हो म्हटलं. हो म्हणताना फार मोकळं वाटलं, आणि आता घरी येऊन बसलेय तर ताट तसंच झाकून ठेवलंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून पत्र लिहिलं. सहा वेळा लिहिलं. शेवटचं असं:

"प्रिय हॉलिस, हे लिहिताना मला आनंद होत नाही. तुमच्या गाण्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. पण माझ्या शब्दांबद्दल तुम्हाला नाही, हे या आठवड्यात दिसलं. माझ्या कागदावर तुम्ही कप ठेवलात, वाचलं एकदाही नाही. ही गाणी दुसऱ्या कुणाबरोबर पुरी करायचं मी ठरवलं आहे. बुधवारी येऊ नका. राग नसावा. आर्डिथ कोप."

मोटेलच्या काउंटरवर ठेवून आले. त्यांच्या खोलीचा पडदा उघडा होता, मी गाडीत खाली वाकून निघून आले. सेहेचाळीस वर्षांची बाई!

१६ ऑक्टोबर, बुधवार

हॉलिस आले.

मी दहाला पोचले तर आधीच बसलेले. दाढी गुळगुळीत, रविवारचा कोट, मांडीवर गिटार. "सुप्रभात, मिस आर्डिथ," म्हणाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वेंडेलने मला कोपऱ्यात घेतलं.

"पत्र दिलं ना?"

"दिलं."

"मग?"

"मग मला काय माहीत!"

हा माणूस कोडगा आहे की साधू, ते मला ठरवता येईना. येऊ नका असं स्वच्छ लिहिलेलं असताना हसतमुखाने येऊन बसायला एक तर गेंड्याची कातडी लागते, नाही तर आणखी काहीतरी, जे माझ्याकडे नाही. मी वेंडेलला म्हटलं, आज गाऊ, संध्याकाळी मी फोनवर सांगते.

एक साधं गाणं घेतलं आणि ते इतकं सुरेख गायले की माझ्या अंगावर काटा आला. कप आज स्टँडवर नव्हता, जमिनीवर ठेवला होता. उगाच नजरेला पडलं म्हणून लिहिलं. मग 'फाटक' घेतलं. त्या शब्दाशी आलो आणि हॉलिस गप्प राहिले. 'आपण दोघं' पर्यंत माझ्याबरोबर, आणि पुढचा शब्द मी एकटी. तीनदा घेतलं, तीनदा तसंच. ना विसरलो, ना विसावलो. वेंडेल म्हणाला चालेल. मला चालेना. एवढ्या मोठ्या आवाजाची सोबत त्या एका शब्दाशी तुटते आणि मी उघडी पडते.

मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "काही बोलायचंय का, मिस आर्डिथ?"

"नाही, काही नाही."

निघताना कोटाची बटणं लावत पुन्हा विचारलं, "नक्की ना? सांगायचं असेल तर मी ऐकतोय."

"काही नाही हो," मी म्हटलं. संध्याकाळी फोनही केला नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तो तरुण गायक आज यायचा होता. वेंडेलला सांगून एक दिवस पुढे ढकललं. घरी बसून राहवेना म्हणून ऑगस्टची टेप काढली. माझ्याकडे दुसरी प्रत होती. मनात होतं, आपण कसं गायलोय ते एकदा ऐकावं आणि हॉलिसना तोंडावर पाडावं.

दुसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्यात किटली ओरडते. माझी स्वयंपाकघरातली किटली. मी थांबते, खुर्ची सरकल्याचा आवाज, दोन ठोके, मग पुढची ओळ.

मी टेप थांबवली, मागे घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. मग 'जुनं फाटक' लावलं. त्या फाटकापाशी येऊन आपण दोघं विसावलो. मीच गातेय. स्वच्छ. तिन्ही ध्रुवपदांत विसावलो. कागदावर मी आयुष्यात कधी तो शब्द लिहिला नाही. शपथेवर सांगेन. तो तोंडातून कसा गेला ते मला ठाऊक नाही, आणि त्याचा विचार मला आज करायचा नाही.

त्यांनी टेप ऐकली. फक्त टेप. किटलीसकट पाठ केली.

मग एकेक सगळं आठवत गेलं. कप. ग्लेंडाची वही. क्लाइडचं तारा पिळणं. म्हणजे क्लाइडला ठाऊक होतं! ओपल गेल्यापासून कंपनीच्या पत्रांना उत्तर नाही, असं वेंडेल कुरकुरत होता तेही. आकडे येतात, सही येते, बाकी अक्षर वाचता येत नाही. आणि मी चौघांदेखत त्यांच्या हातात कागद देऊन म्हटलं, मोठ्याने वाचा.

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. लिहून ठेवते, कारण ते रडणं पूर्ण खरं नव्हतं. रडता रडताच डोक्यात आलं: मग पत्रही वाचलेलं नाही! काय लिहिलंय ते त्यांना माहीतच नाही! इतकं हलकं वाटलं की डोळे पुसून मी आधी वेंडेलला फोन लावला.

"त्या पोराला नको म्हणून सांग. हॉलिसच गातील."

"कंपनीला काय कारण देऊ?"

"सांग, आर्डिथला बाईच्या जातीची मत बदलायची सवय आहे. त्यांना लगेच पटेल."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी लवकर मोटेलवर गेले. पत्र कसं काढून घ्यावं याचा विचार रस्ताभर चालू होता. हॉलिस खोलीबाहेर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं.

"मिस आर्डिथ, तुम्ही काहीतरी लिहून ठेवलं होतं. चष्मा घरी राहिला माझा. वाचून दाखवता?"

पाकीट फोडलेलं होतं. उघडून बघितलं असेल, पण वाचता आलं नव्हतं, म्हणून मी देवाचे आभार मानले. कागद उघडून समोर धरला आणि वाचायला लागले. म्हणजे वाचल्यासारखं करायला लागले. प्रिय हॉलिस, तुमच्याबरोबर गायला मिळतंय हे माझं भाग्य आहे. मी घाईत होते, उर्मट वागले, कागद-कागद करत बसले. तुम्ही जे गाता ते मीच गायलं होतं, ते टेपवर ऐकलं आणि मला माझी लाज वाटली. विसावलो हाच शब्द बरोबर आहे, तोच ठेवू. यापुढे मी तुम्हाला आधी ओळ देत जाईन, तुमच्या चर्चमध्ये देतात तशी. आणि ओपलबद्दल मला वाईट वाटतं, हे कधी बोलले नाही. असं बरंच काही. एकदा सुरू झाल्यावर मला थांबवेना.

ते डोकं खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"कागद लहान दिसतो. पुष्कळ मावलं."

"माझं अक्षर बारीक आहे," मी म्हटलं.

"छान पत्र आहे." त्यांनी हात पुढे केला, मला द्यावंच लागलं, आणि ते पुन्हा आतल्या खिशात गेलं. काढून घ्यायचं राहूनच गेलं, पण आता काय बिघडतंय? बिचाऱ्यांना काही कळलं नाही.

दुपारी एकाच माइकसमोर समोरासमोर उभे राहिलो. मी ओळ म्हणायची, ते मान हलवायचे, मग दोघं गायचो. तीन तासांत चार गाणी. वेंडेल काचेमागे टाय बांधून बसला होता. आता फक्त 'फाटक' उरलंय. आज मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

'जुनं फाटक' झालं. अल्बम पुरा झाला. पण त्याआधी जे झालं ते आधी लिहायला हवं.

सकाळी इमोजीनकडे गेले. मी खुशीत होते, कॉफीबरोबर गोड म्हणून पीचचा कॉब्लर मागवला. तिने बशी अशी आदळली की चमचा खाली पडला.

"काय गं, काय झालं?"

"ते पत्र तू लिहिलंस ना?"

"कुठलं पत्र?"

"आर्डिथ, बारा वर्षं तुला खायला घालतेय मी. माझ्यापुढे नाटकं नकोत." ती समोर बसली. इमोजीन गिऱ्हाइकासमोर कधी बसत नाही. "बुधवारी सकाळी सातला हॉलिस आला. म्हणाला, मोटेलवाल्यानं पाकीट दिलंय, जरा वाच गं. ओपल गेल्यापासून इथं असला की त्याचं सगळं मीच वाचते. वाचलं. म्हणाला, परत वाच. परत वाचलं. अंडी तशीच टाकून उठला. तुझ्या डोक्यावर ही किटली ओतावी असं वाटलं मला."

बुधवार. बुधवारी सकाळी सात. मी मोजत बसले, जणू मोजण्यात काही फरक पडणार होता.

"मग ते स्टुडिओत आले कशाला?"

"तेच म्हटलं मी. म्हटलं, बाबा, येऊ नको असं लिहिलंय, कशाला स्वतःची शोभा करून घेतोस? तर म्हणाला, 'लिहिलंय खरं. पण तिनं अजून म्हटलं कुठंय?'"

मी कॉब्लर तसाच ठेवून उठले. गाडीत बसून शुक्रवारची सगळी सकाळ पुन्हा आठवली. मी त्या कागदावर डोळे ठेवून भाग्य आणि लाज आणि ओपल वाचत होते, आणि समोर बसलेल्या माणसाला त्यावरचा शब्द न् शब्द ठाऊक होता. दोनदा ऐकलेलं ते विसरत नाहीत. किटलीसुद्धा विसरत नाहीत. बुधवारी दोनदा विचारलं होतं, काही बोलायचंय का. मी म्हटलं काही नाही. शुक्रवारी कागदच हातात दिला, म्हणाले वाचा. तेव्हाही मी खरं वाचलं नाही, आणि वर त्यांना बिचारे म्हणाले. या वहीत, तीन दिवसांपूर्वी. खोडणार नाही, राहू दे.

दोन वाजता माइकसमोर उभे राहिलो. क्लाइडने सूर दिला. वेंडेलने बोट वर केलं, म्हणजे टेप चालू. हॉलिस माझ्या तोंडाकडे बघत होते, 'फाटक'ची पहिली ओळ घ्यायला.

मी ओळ दिली: "त्या कागदावर ते नव्हतं."

क्लाइडचा हात थांबला. हॉलिसची नजर हलली नाही. मग त्यांनी ती ओळ घेतली. गाण्याच्या चालीत नाही. त्यांच्या डोंगरातल्या चालीत, एकेक अक्षर ओढून, वळवून, खाली सोडून पुन्हा वर नेऊन. त्या कागदावर ते नव्हतं. इतका वेळ लागला की मला प्रत्येक अक्षर वेगळं ऐकावं लागलं. संपवून ते पुढच्या ओळीसाठी थांबले.

काचेमागून वेंडेलने हाताने विचारलं, बंद करू? मी मानेने नको म्हटलं.

"कागदावर होतं, येऊ नका."

तीही घेतली. तशीच, सावकाश. आवाज कुठे चिरला नाही, चढला नाही.

"तोंडावर सांगायची हिंमत नव्हती."

घेतली. बासवाल्याने टोपी काढून हातात धरली होती. मला वाटलं आता झालं, आता सोपं आहे, आणि मी पुढची ओळ दिली, "मला क्षमा करा."

हॉलिस गायले नाहीत. मी वाट बघितली. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि अगदी हळू, गाण्याच्या नाही तर साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "ही मी नाही घेणार, मिस आर्डिथ. ही तुमची एकटीची आहे."

मग ती मी एकटीने गायले. ती चाल मला येत नाही, पण जशी त्यांच्याकडून ऐकली होती तशी, जमेल तेवढी ओढत गायले, आणि संपेपर्यंत ते माझ्यासमोर उभे राहिले.